अनुभव धागा: आज लेकरू काय बोललं?

लेकराचं वजन, लसी, पहिला दात हे सगळं आपण कार्डावर नाहीतर डायरीत लिहून ठेवतो. ते दिवसभर काय बोललं, हे मात्र रात्रीची भांडी होईस्तोवर डोक्यातून निघून जातं. मला ते जाऊ द्यायचं नाही, म्हणून हा धागा काढते आहे. नागपुरातल्या आयांनी, आज्यांनी लिहा, बाबांनीही लिहा. सल्ले नकोत, ते पुष्कळ मिळतात. लेकरू काय म्हणालं, कसं म्हणालं, घरात कोण हसलं, एवढंच हवं. आणि घरात बोलता तसंच लिहा.

सुरुवात मी करते. माझा धाकटा साडेचार वर्षांचा. आम्ही सुभाषनगरला राहतो, आजी-आजोबा उज्ज्वलनगरला. त्यांच्याकडे जायचं म्हणजे मेट्रोच्या ॲक्वा लाइनने सीताबर्डी, तिथे गाडी बदलायची आणि ऑरेंज लाइनने पुढे. या जाण्या-येण्यातून त्याने आमच्या घराचीच मेट्रो करून टाकली आहे. पलंग म्हणजे लोकमान्यनगर, दिवाण सुभाषनगर, देवघराचा कोपरा झाशी राणी चौक. स्वयंपाकघर सीताबर्डी, कारण 'तिथं सगळे उतरतात'. आजोबा आले की त्यांना खिडकीजवळची खुर्ची राखीव. 'तुम्ही इथं बसा जी आजोबा, हे गुडघेवाल्यांचं हाये.' आजोबाही मग मुकाट्याने बसतात आणि तिकीट विचारलं की चष्म्याचं घर दाखवतात.

परवा पोळ्या करता करता मी त्याला जेवायला हाका मारत होते. आतून आवाज आला, 'आई, आत्ता शंकरनगर चालू आहे.' पोळी थंड होऊन राहिली म्हटलं, तर म्हणतो, 'दरवाजे बंद झाले ना. मधातच कसा उतरू?' मी वळून पाहिलं. दोन्ही तळहात एकमेकांना चिकटवून नाकासमोर धरलेले, पावलं अगदी एका रेषेत. देवघरापाशी थांबला, तोंडाने टिंग टिंग केलं, तळहात सावकाश दोन बाजूंना सरकवले, मोजून श्वास घेतला आणि पुन्हा बंद केले. ओट्यापाशी आल्यावरच दरवाजे उघडले ते शेवटचे. 'सीताबर्डी. भाजी कोणती आहे?'

आता तुम्ही लिहा.

जुळ्यांची आई, मानेवाडा

आमच्याकडे उन्हाळा कॅलेंडरवर येत नाही, कूलर गच्चीवरून खाली आला की येतो. त्या दिवशी पोरींना सणासारखं होतं. ताट्या बदलायच्या, टाकीतला गाळ धुवायचा, आणि या दोघी त्याच पाण्यात फतक फतक. खरी मजा रात्री. दोघी कूलरसमोर तोंड धरून 'आऽऽऽ' करतात, पंख्याने आवाजाचे तुकडे पडतात आणि त्या हसून हसून गादीवर लोळतात. मोठी (चार मिनिटांनी मोठी, पण हक्क पूर्ण गाजवते) मला म्हणाली, 'आई, कूलर आमचा आवाज चिरून देते, आलूसारखा.' लहानगीला वाटतं की आत कोणी बसलेलं आहे आणि तेच परत बोलतं. झोपताना ती कूलरला 'उद्या ये' म्हणते.

धाग्यात सल्ले नको म्हटलंय, तरी एक लिहितेच, कारण दर उन्हाळ्यात पेपरात वाचून जीव हलतो: पाणी भरताना प्लग काढूनच भरा, आणि लेकरांना चालू कूलरला हात लावू देऊ नका. आमच्या दोघी लांबूनच 'आऽऽऽ' करतात, फरशीवर खडूने रेघ ओढून दिली आहे.

धागाकर्ती

हा सल्ला हवाच होता. खडूची रेघ आजच ओढते.

एक बाबा, धरमपेठ

पोराचा वाढदिवस डिसेंबरात असतो, म्हणजे घरात संत्र्यांची टोपली असतेच. यंदा फुगे फुगवून भिंतीला लावले, पाहुणे यायचे होते. पोरगा संत्रं सोलत फुग्यांजवळ उभा. एक फुटला, मग दुसरा, मग तिसरा. त्याने हातही लावला नव्हता. त्याच्या मामेबहिणीने जाहीर केलं की फुग्यांना संत्रं आवडत नाही. मी साल घेऊन फुग्यावर पिळून दाखवली: सालीच्या तेलात लिमोनीन असतं, ते रबर विरघळवतं, तेवढ्या जागी फुगा पातळ होतो आणि फुटतो. सगळी पोट्टी कान देऊन ऐकत होती. मला वाटलं, छान शिकवलं. मग केक कापेपर्यंत प्रत्येकाच्या हातात एकेक साल आणि भिंतीवर एकही फुगा नाही. आत्याने फोटो काढले त्यात सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत, पुढच्या फटाक्याच्या तयारीत. तो फोटो मी मोठा करून लावला आहे.

त्रिमूर्तीनगर

रमण विज्ञान केंद्राच्या तारामंडलात पहिल्यांदा नेलं. अंधार झाला. अडीच वर्षांची लेक मोठ्याने: 'लाईट गेली!' मागच्या रांगेतून कुणीतरी, 'येईल बाई, थांब.' तारे दिसले तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, 'आली!'

दोघींची आई, महाल

भुलाबाईचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या वाड्यात अजून भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मातीचे भुलोजी, भुलाबाई, मांडीवर गणपती. संध्याकाळी पोरी या घरून त्या घरी, टिपऱ्या घेऊन. गाणी झाली की खाऊ ओळखायचा. डबा झाकलेला, ज्याच्या घरचा खाऊ त्याने गप्प राहायचं, बाकीच्यांनी विचारायचं: गोड का तिखट? कुरकुरीत का मऊ?

माझी धाकटी चार वर्षांची. यंदा पहिल्यांदा डबा तिच्या हातात दिला. जिना उतरेपर्यंत बजावत होते, सांगायचं नाही बरं. तिने मान हलवली. खाली गेल्यावर एकेकीच्या कानाशी जाऊन, दोन्ही हातांचा आडोसा करून, अगदी विश्वासाने: 'मुरमुऱ्याचा चिवडा आहे हे सांगायचं नाही.' सगळ्या वाड्याला सांगून झालं. आणि मोठ्या पोरी इतक्या गोड, की गाणी झाल्यावर त्यांनी शेव म्हटलं, लाडू म्हटलं, करंजी म्हटलं, भज्यापर्यंत गेल्या. धाकटी दर वेळी 'नाऽऽही' म्हणून नाचत होती. शेवटी हरलो म्हणाल्या, तेव्हा तिने झाकण उघडलं. तिचा तो चेहरा! त्या पोरींची नावं इथे लिहीत नाही, पण त्या सगळ्यांना मी कोजागिरीला बदामाचं दूध जास्तीचं दिलं.

हुडकेश्वर रोड

पुण्याचा मावसभाऊ जूनच्या मध्यावर शाळेत जाऊ लागला, आमच्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडते. व्हिडिओ कॉलवर आमचा पहिलीतला: 'तुझी सुट्टी संपली? आमच्याकडे आधी उन्हाची सुट्टी संपते, मग आमची.'

एक आजी, इतवारी

मला टाइप करता येत नाही, सून लिहून देते आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी दोन कामं असतात. सकाळी मारबत पाहायची, म्हणजे रोगराई गावाबाहेर न्यायला निघते त्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, आणि संध्याकाळी नातवाचा तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा लाकडी बैलांचा पोळा. मारबत आमच्या भागातूनच जाते. काळी मारबत १८८१ पासून निघते असं सांगतात, मी तर लहान होते तेव्हापासून पाहते आहे. लोक ओरडतात, 'रोगराई घेऊन जा गे मारबत!' नातू माझ्या कडेवर होता, पाच वर्षांचा घोडा, पण गर्दीत खाली कसा सोडणार. त्याला विचारलं, तुला काय पाठवायचं आहे? त्याने पूर्ण ताकदीने बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं, 'कारलं घेऊन जा गे मारबत!' आजूबाजूच्या दोन-चार लेकरांनी लगेच सूर धरला. कोणी दुधी दिला, कोणी दोडकं.

संध्याकाळी लाकडी नंदीला बेगड लावून, धोतर नेसून, घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला गेला. दार उघडलं की आधी 'हर बोला हर हर महादेव', मग हात पुढे. कोणी दहा दिले, कोणी वीस. शेजारच्या काकूंनी पैशासोबत ताटलीत पुरणपोळी दिली, ती त्याने आधी नंदीच्या तोंडाला लावली.

गंमत पुढे आहे. चार दिवसांनी सुनेने कारल्याची भाजी केली. ताट पाहून तो उठूनच उभा राहिला. 'हे कसं आलं? मारबत घेऊन गेली होती ना!' सून माझ्याकडे पाहायला लागली, मुलगा माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हटलं, 'बापा, मारबत नागपूरचं कारलं घेऊन गेली. हे भंडाऱ्याचं आहे.' त्याने वाकून वास घेतला, विचार केला, आणि भंडाऱ्याच्या दोन फोडी खाल्ल्या.