तिकीट महाग झालं की समोरचं पब्लिकच बदलतं का?

सूरवेडी_रत्नागिरी
परवा इथे एका मोठ्या गायकाची शास्त्रीय गाण्याची मैफल झाली, पुढच्या रांगा दोन हजार आणि अगदी मागच्या पाचशे. पुढच्या बऱ्याच खुर्च्या पासवाल्यांच्या, त्या मध्यंतरापर्यंत रिकाम्याच, जे आले ते मोबाईलवर शूट करण्यात गुंग. संथ लयीतलं विलंबित चालू असताना कुजबूज आणि जलद तराण्याला टाळ्याच टाळ्या. मागे आमच्या क्लासची पोरं, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, हात बरोब्बर पडत होते त्यांचे, पण गायकाला ते दिसणार कुठून? तुमच्याकडे पण असंच होतं का?

पखवाज_कणकवली
सरसकट पब्लिकला नावं नका ठेवू हो. हॉलचं भाडं, साऊंड, साथीदारांचं मानधन, त्यांचा येण्याजाण्याचा-राहण्याचा खर्च, आणि आपल्याकडे खुर्च्या त्या किती, पुढच्यांनी दोन हजार दिले म्हणून मागे पाचशेत भागतं. तसंही पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, वर गेलं की १८ टक्के, म्हणून आयोजक शेवटची रांग पाचशेलाच धरून ठेवतो. पासांचं मात्र पटलं, फुकट आलेल्याला उशिरा यायला काय जातंय.

देवगडचो
डबलबारीक ये मगे, दोन भजनी बुवांचो सामनो तो. तिकीट नाय काय नाय, बुवांचे पैशे मंडळ देता, लोक रात्रभर बसतत. बुवा गजरात जरा हुकलो तर पुढे बसलेली म्हातारी पयली हसता 😄

नेरूळवरून_मालवणी
पण नुसता दराचा प्रश्न नाहीये. जानेवारी २०२५ मध्ये इथे डी. वाय. पाटील स्टेडियमला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचं कॉन्सर्ट झालं, उभं राहायचं तिकीट ६,४५० आणि गॅलरीतल्या काही जागा १२,५००, म्हणजे जास्त पैसे भरणारा लांब आणि उड्या मारणारा स्टेजच्या जवळ. स्वस्त यातलं काहीच नव्हतं, गावाकडच्या पोरांनी तर नुसते रील बघितले. पण कलाकारासमोर कोण ते आयोजक ठरवू शकतो एवढं खरं.

सूरवेडी_रत्नागिरी
@देवगडचो म्हातारी भारीच 😂 पण डबलबारीत तिला प्रत्येक चाल पाठ असते, ख्यालाचं, म्हणजे या शास्त्रीय गाण्याचं, तसं नाही ना, कान तयार व्हायला आधी समोर बसायला मिळायला हवं. @नेरूळ हे डोक्यात आलंच नव्हतं. पुढच्या वेळी आयोजकांना विचारते, पासांच्या दोन रांगा काढून तिथे सतरंजी टाका, विद्यार्थ्यांना शंभर रुपये. नाही म्हणाले तर इथेच येऊन सांगते.

पखवाज_कणकवली
पासवाले कुठे बसवणार ते आधी ठरवून जा, पहिला प्रश्न तोच येईल.