गाडी स्वतः चालत असताना चालकाने सिनेमा बघावा का?

खडीसाखर: जर्मनीत मर्सिडीजच्या 'ड्राइव्ह पायलट' या स्वतः गाडी चालवणाऱ्या यंत्रणेला डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. हायवेवरच्या गर्दीत ती चालू केली की चालकाने गाडीच्या पडद्यावर सिनेमा बघितला तरी चालतं, झोपायचं तेवढं नाही. मला हे पटत नाही. माणूस एक तर गाडी चालवतो किंवा चालवत नाही. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपीत उबरच्या चाचणी गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. चालकाच्या जागेवरची व्यक्ती मोबाइलवर टीव्ही शो बघत होती. यंत्रणेला ती बाई ५.६ सेकंद आधी दिसली होती, पण हे नेमकं आहे काय, हेच तिला ठरवता येईना. माणसाची नजर रस्त्यावर असती तर बाई बहुधा वाचली असती.

निवांत: उदाहरण चुकलं. तिथे रस्त्यावर लक्ष ठेवणं हीच त्या व्यक्तीची नोकरी होती. तुम्ही म्हणताय ती मर्सिडीज लेव्हल तीनची, म्हणजे यंत्रणा चालू असताना रस्त्यावर लक्ष गाडीच ठेवते. ताबा परत द्यायचा तर ती आधी सूचना देते, आणि दहा सेकंदांत कोणी दाद दिली नाही तर स्वतःच वेग कमी करून थांबते. तसाही नुसतं बघत बसलेला माणूस किती वेळ जागा राहील? मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्येच दाखवून दिलंय, अशा पहाऱ्यात अर्ध्या तासात लक्ष ढळतं. त्यापेक्षा हाताला किंवा डोक्याला काहीतरी चाळा असलेला बरा.

खडीसाखर: चाळा कोणता, यावर सगळं आहे. गाडीच्या पडद्यावरचा सिनेमा गाडीला बंद करता येतो. हातातला लॅपटॉप किंवा मांडीवरचा जेवणाचा डबा कोण बंद करणार? तो ठेवायचा कुठे, इथूनच सुरुवात. बरं, हात स्टिअरिंगवर आले म्हणजे ताबा आला असं नाही. शेजारून कोण येतंय, पुढचा ट्रक का थांबला, हे डोक्यात शिरायला आणखी वेळ जातो.

गियरबॉक्स: तुम्ही दोघं लेव्हल तीनवर भांडताय, पण माणसं मरतात ती लेव्हल दोनमध्ये, जिथे गाडी नुसती मदत करते आणि लक्ष चालकानेच ठेवायचं असतं. मार्च २०१८ मध्येच कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूजवळ ऑटोपायलट या असल्याच मदतनीस यंत्रणेवर चालणारी टेस्ला दुभाजकावर आदळून चालक गेला. तपासात त्याच्या फोनवर गेम चालू असल्याचं निघालं, आणि शेवटच्या सहा सेकंदांत स्टिअरिंगवर हात असल्याची नोंद नव्हती. आपल्याकडे ॲडास (चालकाला मदत करणारी यंत्रणा) म्हणून मिळतं तेही फार तर लेव्हल दोनच! तरी लोक मांडी घालून रील काढतात.

निवांत: मग बंदी लेव्हल दोनमधल्या फोनवर घाला ना. थांबायची जबाबदारी जिथे गाडीनेच घेतली आहे, तिथे माझा सिनेमा कशाला बंद करता?

खडीसाखर: कारण एकाच गाडीत दोन्ही असतं, निवांतराव. गर्दी सुटली, वेग वाढला की लेव्हल तीन बंद. सिनेमा मात्र अर्धाच झालेला असतो, मग उरलेला तुम्ही मोबाइलवर लावणार.