सरकारी शाळेत कॉन्ट्रॅक्टवर जर्मन शिकवते, पुढच्या वर्षीचं काय? बी.एड. करू का?

धंतोलीची_ताई
नागपुरातल्या एका सरकारी शाळेत सहावी ते आठवीला जर्मन शिकवते. जर्मनची सी१ (वरच्या पातळीची) परीक्षा झालीय, बी.एड. नाही. सहा वर्षं झाली अन् दरवर्षी तेच, फेब्रुवारी-मार्चमधे वॉक-इन, झेरॉक्सचा तोच गठ्ठा, पॅनलवर नाव लागलं की फोनची वाट पाहायची, उन्हाळ्याचा पगार नाहीच कारण ऑर्डर सेशनपुरती. यंदा स्टाफरूममधे चालू आहे की तिसरी भाषा भारतीयच राहील, जर्मन फार तर शनिवारी हॉबी म्हणून. हेडसर म्हणतात वरून पत्र आलं की सांगू. काल सातवीतली एक पोट्टी विचारते, मॅडम पुढच्या वर्षी तुम्हीच ना? मी हो म्हणून मोकळी झाले. (जर्मन नामांची लिंगं शिकवायला डेअर म्हणजे पुल्लिंग निळा, डी स्त्रीलिंग लाल, दास नपुंसकलिंग हिरवा, हे रंगीत खडू पण मीच बर्डीवरून आणते.)

जुना_मास्तर
ताई, पत्राची वाट नका पाहू. २०१४ ले मी दुसऱ्या शहरात हेच शिकवत होतो. केंद्रीय विद्यालयांत २०११ च्या करारानं जर्मन तिसरी भाषा म्हणून आली होती, अन् २०१४ ले अर्धं सेशन झाल्यावर निर्णय आला की आता संस्कृत. जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सलर मर्केल बाईंनी ब्रिस्बेनच्या जी-२० मधे मोदींजवळ विषय काढला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, पोरांची त्या वर्षीची संस्कृतची परीक्षा टळली. पण मास्तरांचं काय, हे कोणी इचारलं नाही. कॉन्ट्रॅक्टवाल्याले काढावं लागतच नाही न, फक्त पुढची ऑर्डर निघत नाही.

खामला४४
पण २०२० च्या नव्या शिक्षण धोरणात तर जर्मन, फ्रेंच, जपानी सगळ्यांची नावं आहेत ना? मग घाबरायचं काऊन?

जुना_मास्तर
नावं आहेत, पण सेकंडरीले, अन् तीनपैकी दोन भाषा भारतीय पाहिजेत. इंग्रजी तर कोणी सोडून नाही राहिलं, म्हणजे तिसरी जागा तिनंच खाल्ली. मग जर्मन बसवता कुठं? चौथी म्हणूनच. अन् चौथ्या भाषेसाठी पूर्ण पोस्ट कोण देते बाप्पा.

प्रतापनगर_मॅडम
मी ह्याच चक्रातून बाहेर पडले म्हणून सांगते. बी.एड. करा, पण जर्मनच्या भरवशावर नको, ग्रॅज्युएशनला जो विषय होता त्यात करा, सोबत सीटेट किंवा टीईटी (केंद्राची किंवा राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा) पण द्या, नाहीतर सहावी-आठवीच्या रेग्युलर पोस्टला फॉर्मच भरता येत नाही. जर्मनला डिमांड आहे, २०२४ मधे राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून तर जास्तच विचारतात, पण ती नर्सिंग, इलेक्ट्रिशियनवाल्या मुलांची. माझी संध्याकाळची बॅच त्यांचीच आहे, सकाळी शाळेत इंग्रजी. दमायला होतं, पण मे महिन्यात पैसे येतात.

धंतोलीची_ताई
बी.ए.ला इंग्लिश लिटरेचर होतं, म्हणजे जमेल. बी.एड.च्या सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) फॉर्म भरते. वॉक-इनला पण जाईन, गठ्ठा तयारच आहे. फक्त त्या पोट्टीला हो म्हटलं तेच डोक्यातून जाऊन नाही राहिलं.