महागडा प्रोसेसर घ्यावा की स्वस्त प्रोसेसर ओव्हरक्लॉक करावा?

काटकोन (धागाकर्ता)

स्वस्त प्रोसेसर घ्या, त्याचा क्लॉक (दर सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांचा वेग) ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढवा, म्हणजेच तो ओव्हरक्लॉक करा, आणि महागड्या प्रोसेसरचा वेग फुकटात मिळवा, हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. एके काळी त्याला भक्कम आधार होता. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या मार्गावर) साडेचारच्या मल्टिप्लायरने, म्हणजे बसच्या वेगाच्या साडेचार पट, ३०० मेगाहर्ट्झवर चालत असे. बस १०० वर नेली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झ गाठायचा, आणि त्याचा १२८ किलोबाइटचा कॅश (प्रोसेसरमधली छोटी, जलद मेमरी) प्रोसेसरच्याच पूर्ण वेगाने चालत असल्यामुळे अनेक कामांत तो त्याच वर्षीच्या, कितीतरी महाग पेंटियम टू ४५० च्या तोडीस तोड ठरत असे.

आज अशी पन्नास टक्के वाढ शिल्लकच नाही. तापमान, विद्युतप्रवाह आणि व्होल्टेज यांचा सतत अंदाज घेत बूस्टची यंत्रणा प्रोसेसरला आपणहून जवळजवळ कमाल वेगापर्यंत नेते. जी सवलत पूर्वी आपण शोधून काढत होतो, ती आता उत्पादक स्वतःच वापरून टाकतो. शिवाय इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिजपासून मूळ क्लॉक (ज्याला मल्टिप्लायरने गुणले जाते) इतर बसशी जोडला, त्यामुळे तो फारसा वाढवता येईना, आणि मल्टिप्लायरची मोकळीक प्रामुख्याने ‘के’ अक्षराच्या महाग मॉडेलांपुरती ठेवली. त्यामुळे स्वस्त प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याचा मार्गच तिथे जवळपास बंद झाला आहे.

आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा असा की, क्लॉक वाढवल्याने ना कोर (एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे प्रोसेसरचे भाग) वाढतात, ना कॅश. एएमडीचा २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी पाहा. ५८००एक्सपेक्षा त्याचा बूस्ट क्लॉक कमी, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ, पण ३२ ऐवजी ९६ मेगाबाइटचा एल३ (तिसऱ्या पातळीचा, सर्वांत मोठा) कॅश असल्यामुळे बहुतेक गेममध्ये तो पुढे राहिला. हे अंतर बायोसमध्ये (संगणकाच्या मूलभूत सेटिंगमध्ये, जिथून क्लॉक बदलता येतो) कितीही वेळ घालवला तरी भरून निघणार नाही. तेव्हा पैसे मोजायचेच असतील, तर कोर आणि कॅश यांच्यासाठी मोजावेत, असे माझे ठाम मत आहे.

शुक्लपक्ष

आपल्या मांडणीतील इतिहास योग्य आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. कोरसाठी पैसे मोजा असे सांगताना त्या कोरना पुरेसे काम असते का, हे आपण तपासलेले नाही. १९६७ साली मांडला गेलेला अॅमडालचा नियम इथे थेट लागू होतो: कामाचा जो भाग कोरांमध्ये वाटता येत नाही, तोच एकूण वेगवाढीला मर्यादा घालतो. एखाद्या कामाचा चौथा हिस्सा एकामागून एक असाच करावा लागत असेल, तर आठ कोरवर ते एका कोरच्या सुमारे २.९ पट वेगाने होते आणि सोळा कोरवर सुमारे ३.४ पट. म्हणजे कोर दुप्पट घेऊन पदरात पडते ती जेमतेम सोळा टक्के वाढ. उलट क्लॉक दहा टक्क्यांनी वाढला, तर कामाच्या दोन्ही भागांना त्याचा लाभ होतो.

शिवाय महागडा प्रोसेसर म्हणजे दर वेळी वेगळा प्रोसेसर असतोच असे नाही. २०१७ चे रायझन ७ १७०० आणि १८००एक्स घ्या: दोन्हींत आठ कोर, कॅश तेवढाच, आणि दोन्हींचे मल्टिप्लायर खुले. बाजारात आले तेव्हा १७०० ची किंमत १८००एक्सच्या सुमारे दोन-तृतीयांश होती, आणि हाताने क्लॉक वाढवला की दोन्ही बहुधा चार गिगाहर्ट्झच्या आसपास येऊन थांबत. तो एक-तृतीयांश फरक ज्यांनी चांगल्या कूलरवर आणि मेमरीवर खर्च केला, त्यांचा व्यवहार मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

काटकोन

अॅमडालचा दाखला योग्य आहे, परंतु रेंडरिंग (त्रिमितीय दृश्यांची चित्रे तयार करणे) किंवा मोठा प्रकल्प कंपाइल करणे (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणे) अशा कामांत एकामागून एक करावा लागणारा भाग फार थोडा असतो. तिथे सोळा कोरचा लाभ स्पष्ट दिसतो.

आता आपल्या दहा टक्क्यांची किंमत पाहू. प्रोसेसरमधील वीजवापर हा ढोबळमानाने क्लॉक आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. ४.० वरून ४.४ गिगाहर्ट्झ गाठण्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावे लागले, तर वेग दहा टक्क्यांनी वाढतो आणि वीजवापर सुमारे ३९ टक्क्यांनी. एवढे करूनही मेमरीकडून उत्तर यायला ८० नॅनोसेकंद लागत असतील, तर ते ८० च राहतात. पूर्वी तेवढ्या काळात क्लॉकची ३२० आवर्तने वाया जात होती, आता ३५२ जातील. ज्या कामाचा वेळ मेमरीची वाट पाहण्यातच जातो, त्याला वाढीव क्लॉकचा लाभ फार थोडा मिळतो, आणि मोठा कॅश नेमकी तीच वाट पाहणे टाळतो.

अनवट

दोघांच्याही चर्चेत विश्वासार्हतेचा मुद्दा राहून गेला, म्हणून लिहीत आहे. सगळ्या कोरवर पूर्ण भार टाकणारी स्ट्रेस टेस्ट रात्रभर निर्धोक चालली, की लोक आपले सेटिंग स्थिर मानतात. पण पूर्ण भाराखाली क्लॉक आपोआप खाली आलेला असतो. सर्वाधिक क्लॉक गाठला जातो तो एकाच कोरवर हलके काम पडले असताना. त्यामुळे रात्रभर तग धरलेले यंत्र सकाळी ब्राउझर उघडताच बंद पडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे एखादी झिप फाइल चेकसम (फाइल अखंड आहे का हे तपासणारा आकडा) जुळत नसल्याचे कारण देऊन उघडत नाही आणि दुसऱ्या खेपेला तीच फाइल बिनतक्रार उघडते. गेमसाठी हे चालवून घेता येईल. ज्यांच्या संगणकावर हिशेब, संशोधनाची आकडेमोड किंवा इतरांचा विदा असतो, त्यांनी असा धोका मुळीच पत्करू नये.

मात्र महाग मॉडेल घेतले म्हणजे ही चिंता मिटली, असेही नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या श्रेणीचे अनेक प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही अस्थिर होत होते. प्रोसेसरकडून गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितले जाणे हे त्यामागील एक कारण असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या नियंत्रक प्रोग्रॅमची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

शुक्लपक्ष

अनवट यांनी दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण शेवटच्या काही मेगाहर्ट्झसाठी प्रोसेसर ताणण्याचे काम तिथे उत्पादकानेच केले होते आणि ग्राहकाने त्यासाठी जादा पैसे मोजले होते. निदान माझ्या बायोसमध्ये किती व्होल्टेज जाते, ते मी ठरवतो. गणिती कामांच्या यंत्रावर ओव्हरक्लॉकिंग नको, हे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु घरच्या संगणकासाठी मधल्या श्रेणीचा, खुल्या मल्टिप्लायरचा प्रोसेसर, व्होल्टेज न वाढवता मिळेल तेवढाच क्लॉक आणि उरलेल्या पैशांत दुप्पट मेमरी, हाच सल्ला मी यापुढेही देईन.