मदत हवी आहे: सोल्जर फील्डवरच्या जुन्या मोटार शर्यतींचे फोटो

शिकागोकर मंडळी, आमच्या शेजारचे आजोबा १९५०च्या दशकात सोल्जर फील्डवर मिजेट (छोट्या रेसिंग गाड्या) आणि स्टॉक कारच्या (नेहमीच्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या रेसिंग गाड्यांच्या) शर्यती बघायला जायचे. फुटबॉलच्या त्या स्टेडियममध्ये तेव्हा अर्ध्या मैलाचा ट्रॅक होता. १९५६ साली तिथे नॅसकारची (अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संघटनेची) शर्यतही झाली, फायरबॉल रॉबर्ट्सने जिंकलेली. पण आजोबांचा जीव मिजेटवर! एवढीशी गाडी, उघडी चाकं, ऑफेनहाउझर इंजिनाचा कानठळ्या बसवणारा आवाज... सांगताना अजूनही त्यांचे हात स्टिअरिंग धरल्यासारखे वळतात. इतकं रंगून सांगणारा माणूस विरळाच.

त्यांना त्या काळचे फोटो किंवा शर्यतीची छापील माहितीपुस्तिका दाखवायची आमची फार इच्छा आहे. कुठल्या ग्रंथालयात, संग्रहात मिळेल? कुणाच्या ओळखीत जुने शौकीन आहेत का? तब्येत नाजूक आहे त्यांची, जरा लवकर कळवाल का?