मदत हवी आहे: १२ अंगणवाड्यांचा डेटा, मल्टिलेव्हल मॉडेल चालेल का?

नमस्कार. मी मानव विकास विषयात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी १२ अंगणवाड्यांतल्या १४४ मुलांचा शब्दसंग्रह तपासलाय आणि घरी गोष्टी किती सांगता, हे त्यांच्या आयांना विचारलंय.

आधी साधं रिग्रेशन केलं होतं, म्हणजे गोष्टी सांगण्याचा शब्दसंग्रहाशी संबंध तपासला होता; त्यात प्रत्येक मूल स्वतंत्र धरलं जातं. पण एकाच सेविकाताईंकडे शिकणारी मुलं थोडीफार एकसारखी असणारच. इंट्राक्लास कोरिलेशन (एकाच अंगणवाडीतली मुलं किती सारखी, याचं माप) काढलं तर ०.१५ आलं. दर अंगणवाडीत १२ मुलं, म्हणजे डिझाइन इफेक्ट (या सारखेपणामुळे नमुना किती पट कमी भरतो, तो आकडा) १ + (११ × ०.१५) = २.६५. १४४ मुलांची माहिती जेमतेम ५४ मुलांइतकी भरते! चार महिने दारोदार फिरून गोळा केलेला डेटा, हे बघून पोटात गोळाच आला.

आता 'आर' या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये मल्टिलेव्हल मॉडेल (मुलं आणि अंगणवाड्या, दोन्ही पातळ्या धरणारं) लावतेय. गट १२च आहेत, म्हणून आरईएमएल ही अंदाज काढायची पद्धत आणि केनवर्ड-रॉजर दुरुस्ती (दोन्ही कमी गट असताना वापरतात) वापरली तर पुरेल का? शिवाय गोष्टी सांगणं घरागणिक बदलतं, अंगणवाडीगणिक नाही. मग तिथेही एवढाच फटका बसतो का?

आणखी अंगणवाड्या घ्यायच्या असतील तर परवानगीचे अर्ज याच आठवड्यात द्यावे लागतील. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.