फराळाचं उरलेलं तेल, खवट चिवडा आणि बाबांचा रिपोर्ट

कढईकरीण

नमस्कार मंडळी. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले, पण आमच्या ओट्याखाली एका बरणीत सव्वा लिटर तेल अजून बसून आहे. त्याच्यावरून घरात शीतयुद्ध चालू आहे, म्हणून इथे विचारते.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी लोखंडी कढईत दोन लिटर शेंगदाणा तेल ओतलं. आधी शंकरपाळे, दुसऱ्या दिवशी चकल्या, मग कडबोळी, शेवटी शेव. शेवेच्या दुसऱ्याच घाण्याला तेल असं फसफसून वर आलं की मी सोऱ्या हातात धरून दोन पावलं मागे! फेस कढईच्या काठाला लागला होता. रंग म्हणाल तर कोऱ्या चहासारखा. दोन्ही रात्री तेल कढईतच, वर ताट झाकून. मग सासूबाईंनी ते पंचाच्या फडक्यातून गाळून बरणीत भरलं. त्यांचं म्हणणं, "एवढं महागाचं तेल टाकायला मी काही सावकाराची लेक नाही." तेव्हापासून रोजची फोडणी त्यातलीच. परवा पुऱ्यांना त्यात वरून नवीन तेल घातलं. पुऱ्या फुगल्या छान, पण खाताना घशाशी काहीतरी टोचत होतं. मुलाने एक खाल्ली आणि ताट सरकवलं.

आता बाबांचा (सासऱ्यांचा) रिपोर्ट आलाय, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८. तेलाच्या डब्यावर मोठ्या अक्षरात "कोलेस्टेरॉल फ्री" छापलंय. नणंद म्हणते, कच्च्या तेलात नसतं, पण तळलं की तयार होतं. हे खरं का? आणि चिवडा पंधरा दिवसांत खवट झाला तो वेगळाच. दरवर्षी महिना टिकतो.

उगाच_आलो

समईला वापरा की. वात छान जळते.

कढईकरीण

हे सासूबाईंना सुचवलं. "देवाला उष्टं तेल?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे लिहिता येणार नाही.

तेलतपासनीस

मी लातूरकडे एका तेल गिरणीच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढली. आता निवृत्त. रोज सकाळी तेलाचा वास घेऊन दिवस सुरू व्हायचा, त्यामुळे तुमच्या बरणीचा वास मला इथे बसून येतोय.

आधी नणंदबाईंचं. तळल्याने तेलात कोलेस्टेरॉल तयार होत नाही. कोलेस्टेरॉल प्राण्यांचं शरीर बनवतं. शेंगदाणा, करडई, सरकी यांच्या तेलात ते नाव घेण्याइतकंही नसतं, मग ते कितीही उकळा. डब्यावरचं "कोलेस्टेरॉल फ्री" खरं आहे, पण ते केळ्यावर "बिनहाडाचं" असं लिहिण्यासारखं खरं आहे. बाबांच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल त्यांचं स्वतःचं शरीर तयार करतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. आहारातून त्याला जोर मिळतो तो मुख्यतः संपृक्त स्निग्धांमुळे (सॅच्युरेटेड फॅट), म्हणजे तूप, लोणी, साय, पाम तेल. पूर्वी यात वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅटही मोठं होतं. १ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात ते २ टक्क्यांवर चालत नाही. पण बाबा रोज चहाबरोबर खारी खात असतील तर तिथे बघा. ट्रान्स फॅट कमी झालं तरी तिच्यात संपृक्त स्निग्ध भरपूर असू शकतं.

आता बरणी. तेल बिघडतं ते दोन बाजूंनी. कच्च्या चकलीत पाणी असतं. ते गरम तेलात शिरलं की स्निग्धांचे तुकडे पाडतं, सुटी आम्लं वाढतात आणि तेल आधीपेक्षा कमी तापमानाला धुरायला लागतं. दुसरी बाजू हवेची. ऑक्सिजन तेलाला चिकटतो, पेरॉक्साइड बनतात, पुढे त्यांचे तुकडे होऊन अल्डिहाइड बनतात. खवट वास येतो तो या अल्डिहाइडचा. आणि तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तेल दाट होतं. तुमचा फेस आला तो या दाटपणामुळे आणि आधीच्या पिठाच्या जळक्या कणांमुळे. शेवेच्या वेळी तेलाने तुम्हाला राजीनामा दिला होता, तुम्ही तो स्वीकारला नाहीत.

सासूबाईंनी गाळलं हे चांगलंच केलं. चूक झाली ती रात्रीची. लोखंडी कढईत तळणं ठीक, पण तेल तिच्यातच मुक्कामाला ठेवायचं नाही. लोखंडाचा अंश तेलात उतरतो आणि हवेचं काम भराभर करून देतो. तांबं आणि कल्हई गेलेलं पितळ तर त्याहून वाईट. आणि जुन्यात नवं ओतलंत, तेव्हा नवं सुधारलं नाही, बिघडलं. जुन्यातले पेरॉक्साइड नव्याला लगेच कामाला लावतात. विरजणच म्हणा ना.

दोन प्रश्न. बरणी काचेची की स्टीलची, आणि उजेडात होती का? चिवड्याची फोडणी कशात केली?

कढईकरीण

काका, बरणी काचेची. ओट्याखाली आता गेली, आधी आठवडाभर खिडकीत होती. आणि चिवडा... शेव झाल्यावर त्याच तेलात. शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, सगळं. दरवर्षी चिवडा पहिल्यांदा करतो, यंदा पातळ पोहे उशिरा मिळाले.

तेलतपासनीस

मग चोर सापडला. पातळ पोहा म्हणजे नुसता पृष्ठभाग. चमचाभर तेल परातभर पोह्यांवर पसरतं, म्हणजे ते सगळं हवेच्या तोंडी. तिथे थकलेलं तेल घातलं की महिन्याचे पंधरा दिवस होणारच. पुढच्या वर्षी चिवडा पहिला, शेव शेवटी. आणि एका मोठ्या डब्यात अर्धा चिवडा ठेवण्यापेक्षा छोटे स्टीलचे डबे गच्च भरा. डब्यातली हवाच कमी ठेवायची.

खोबऱ्याचं थोडं वेगळं. त्याच्या तेलात संपृक्त स्निग्ध नव्वद टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे हवेला ते दाद देत नाही. पण दमट राहिलं की त्यातलं लॉरिक आम्ल सुटतं आणि चव साबणासारखी लागते. काप तांबूस होईपर्यंत तळले नसतील तर तेही एक कारण.

बरणीचं काय करायचं, तर टाका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना साधारण हेच सांगतात: एकदा तळलेलं तेल गाळून भाजी-आमटीला वापरा, तेही एक-दोन दिवसांत, पुन्हा तळणीला नको. हॉटेलवाल्यांसाठी तर २०१८ पासून नियमच आहे, तेलातली ध्रुवीय संयुगं (तळून तळून तेल बिघडलं की वाढतात ती) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल बाद. घरात ते मोजायचं यंत्र नसतं, पण फेस, धूर, दाटपणा आणि घशाला टोचणं ही चार माणसं साक्षीला पुरतात. मोरीत मात्र ओतू नका, पाइप तुंबेल.

वलांडीवरचा_बोंबील

काका, आमच्याकडे (उत्तनला) तेलाचं नाही, सुक्या मासळीचं दुखणं. आई बोंबील वलांडीवर (मासळी वाळवायच्या मांडवावर) टांगते, ते वर्षभर राहतात. पण सुका बांगडा पावसाळ्यापर्यंत पिवळा पडतो, कालवण केलं की जिभेला कडू. मीठ तर बांगड्याला जास्तच लावतो. आणि माझ्या नवऱ्याला डॉक्टरने कोलंबी बंद सांगितली, तर तो म्हणतो सोडे (सुकवलेली कोलंबी) चालतील, ऊन लागून चरबी जाते. खरं की थापा?

तेलतपासनीस

ताई, नवरोबांच्या थापा. उन्हाने पाणी जातं, कोलेस्टेरॉल जागचं हलत नाही. १०० ग्रॅम ताज्या कोलंबीत साधारण दीडशे मिलिग्रॅम धरा. वाळून तिचं वजन पाव हिश्श्याच्या आसपास येतं, म्हणजे तोळ्याला आकडा उलट वाढतो. एक मात्र त्यांच्या बाजूने सांगतो: कोलंबीत संपृक्त स्निग्ध फार कमी, आणि वांग्यात सोडे पडतात ते मूठभर. पण डॉक्टरांनी त्यांचा रिपोर्ट पाहिलाय, मी नाही, त्यामुळे परवानगी त्यांच्याकडूनच घ्या.

बोंबलात चरबी नावालाच, म्हणून तो टिकतो. बांगडा, तारली ही तेलकट मासळी, आणि त्यांचं तेल शेंगदाण्यापेक्षाही हवेला हळवं. मीठ जंतूंना अडवतं, हवेला नाही. पिवळेपणा म्हणजे तेच खवट झालेलं तेल. उन्हात आणि हवेत माशातलं कोलेस्टेरॉलही ऑक्सिडाइझ होतं (ऑक्सिजन चिकटून बिघडतं), आणि ते साध्या कोलेस्टेरॉलपेक्षा रक्तवाहिन्यांना जास्त त्रासदायक समजतात. बांगडा वाळला की हवाबंद बांधून फ्रीझरमध्ये टाका आणि पावसाळा लागायच्या आत संपवा.

न्यूजर्सीची_वैनी

तुपाबद्दल पण सांगा ना! आम्ही इथे बिनमिठाचं बटर कढवून तूप करतो. तूप खवट होत नाही, मग त्यात तळलेलं उत्तम ना?

तेलतपासनीस

वहिनी, तूप टिकतं कारण त्यात पाणी जवळजवळ नसतं आणि संपृक्त स्निग्ध जास्त. ओला चमचा घातलात तर तेही बिघडतं. पण त्यात कोलेस्टेरॉल आहे, चमच्याला बारा-पंधरा मिलिग्रॅम, आणि पुन्हापुन्हा तापवलं की तेही ऑक्सिडाइझ होतं. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तुपाच्या तपासणीवर एक लेख आला होता. त्यातल्या तुपात असं बिघडलेलं कोलेस्टेरॉल बरंच मिळालं, ताज्या लोण्यात मिळालं नाही. त्या एका लेखावरून तूप सोडू नका. वरणभातावर घ्या, पुरणपोळीवर घ्या. कढईत लिटरभर ओतून आठवडाभर त्यातच तळत बसू नका, एवढंच.

कढईकरीण

आज निकाल लागला. सासूबाईंना काही समजावलं नाही. दोन वाट्या घेतल्या, एकीत डब्यातलं नवं तेल, एकीत बरणीतलं, दोन्ही किंचित कोमट करून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि भाजी निवडत बसले. त्यांनी नवी वाटी हुंगली, मग जुनी. परत जुनी. म्हणाल्या, "हे गं कसलं, दाराला रंग दिल्यासारखं?" आणि स्वतःच उठून बरणी काढली. तळाला करडा गाळ बोटभर. जुन्या वर्तमानपत्रांत तेल जिरवलं, पिशवीत बांधून घंटागाडीला दिलं. वाटीतलं चमचाभर त्यांनी गुपचूप अंगणाच्या फाटकाच्या बिजागरीला लावलं, तेवढं वाया गेलं नाही म्हणून.

खारीचा शोधही लागला. बाबा रोज संध्याकाळी "पाय मोकळे करायला" जातात ते थेट बेकरीपर्यंत.

कढईच्या काठाला मात्र तपकिरी चिकट थर बसलाय. नारळाची शेंडी, राख, सोडा, सगळं झालं, हलत नाही. काका, हेच का ते जोडले गेलेले रेणू? आणि ते काढायचे कसे?

तेलतपासनीस

तेच. जवसाच्या तेलाचं वॉर्निश असंच वाळतं. काढू नका, काठालाच आहे ना, राहू दे. आतून गुळगुळीत असली की बास.